फीचा रकाना

आमच्या हॉस्पिटलात विम्याची खिडकी माझी. नांदेडला डॉक्टर लेनमध्ये तीन मजली हाडांचा दवाखाना, आणि तळमजल्यावर जिन्याखाली माझं टेबल. मी लुंबिनी, माहेर उमरीचं, नोकरीला अकरा वर्षं झाली. माझ्या जिभेला हाड नाही असं घरचे तोंडावर म्हणतात आणि पेशंट लोक माघारी, एवढाच फरक. विमा कंपन्यांशी मी इतकी भांडले आहे की फोनवर माझं नाव ऐकलं की पलीकडचा माणूस आधी घोटभर पाणी पितो. पण हे जे सांगतेय त्यात मला भांडायला तोंडच नव्हतं, कारण चूक माझी होती.

उद्धव सर कंधारचे. तिथल्या हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी सौदामिनीकाकू यांचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. उठायचं म्हटलं की एक हात भिंतीला आणि एक सरांच्या खांद्याला. आमचे मोठे डॉक्टर रविकांत, म्हणजे हॉस्पिटलचे मालक आणि सर्जनही तेच, यांनी दोन्ही सांधे बदलायला सांगितले. आधी उजवा, चार-सहा महिन्यांनी डावा. सरांची ठेव एका गुडघ्यापुरती होती. ती मोडून उजवा करायचा, विम्याचे पैसे परत आले की त्यातून डावा, असं ठरलं. त्यांच्या कंपनीचा आमच्याशी करार नव्हता, म्हणून आधी आपल्या खिशातून भरायचे आणि मग कागद पाठवून मागायचे, असा मामला होता.

काकू गुडघ्याच्या ऑपरेशनला भीत नव्हत्या, पाठीतल्या सुईला भीत होत्या. या ऑपरेशनला कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात, माणूस जागाच असतो. "संघपाल भूल देणार असेल तर मी येते, नाहीतर आहे तशी बरी," असं त्यांनी सरांना सांगून टाकलं. डॉ. संघपाल म्हणजे सरांचे जुने विद्यार्थी, आता लातुरात भूलतज्ज्ञ. सरांनी नुसता सल्ला विचारायला फोन केला, तर ते म्हणाले, मीच येतो. आणि सकाळी साडेसातला त्यांची गाडी आमच्या दारात उभी.

ऑपरेशन छान झालं. डॉ. संघपाल हात धुऊन माझ्या टेबलाशी आले, तेव्हा मी सवयीनं फीची चिठ्ठी पुढं सरकवली.

"जय भीम, ताई. फी न्हाई घ्यायची."

"का हो डॉक्टर?"

"सरांच्या घरचं काम हाय. इथं फी घेतली तर आई घरात घेणार न्हाई मला."

मला बरं वाटलं. रोज फीवरून कुरकुर ऐकणाऱ्या माणसाला असं काही कानावर पडलं की दिवस चांगला जातो. मी चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली आणि तिथंच घोळ झाला.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनभर एक तक्ता भरतात. किती वाजता कोणतं औषध दिलं, नाडी किती, रक्तदाब किती, पेशंटला काय झालं, सगळं वेळेसकट. आमच्याकडे तो तक्ता फीच्या चिठ्ठीला टाचून फाइलला लावायची रीत. चिठ्ठीच नाही, म्हणून तक्ता मागायचं मला सुचलं नाही, आणि तो डॉक्टरांच्या बॅगेतून लातूरला गेला. पुढं मी विम्याचा फॉर्म भरायला बसले. कॉम्प्युटरवर भूलतज्ज्ञाच्या नावाच्या रकान्यात आमच्या नेहमीच्या दोघांचीच नावं, तिसरं नाव घालायची सोय नाही आणि रकाना मोकळा सोडला तर फॉर्म पुढं सरकत नाही. जेवायची वेळ झाली होती. मी दोघांतल्या डॉ. यज्ञेश यांचं नाव निवडलं आणि फीच्या रकान्यात शून्य टाकलं. म्हटलं, कोण बघतंय.

त्यांनी बघितलं. कंपनीच्या माणसानं सरळ डॉ. यज्ञेशना फोन लावला. यज्ञेश डॉक्टर म्हणजे साधा माणूस, त्यांना खोटं बोलायचं असेल तरी आधी घाम फुटतो. ते म्हणाले, त्या दिवशी मी देगलूरला भाचीच्या लग्नात होतो. झालं. दीड महिन्यानं पत्र आलं. त्यांच्या अटींत एक कलम होतं, की भूलतज्ज्ञाची फी हॉस्पिटलच्या बिलातूनच दिली जाईल, बाहेरची पावती चालणार नाही. कलम वाईट नाही. पेशंटला बाजूला घेऊन वेगळ्या पावत्या फाडणारे लोक मी पाहिलेत. पण त्या कलमाला धरून कंपनीनं लिहिलं होतं की बिलात फी नाही, फाइलला तक्ता नाही, आणि ज्यांचं नाव दिलं ते डॉक्टर त्या दिवशी गावात नव्हते. तेव्हा कागद खोटे आहेत आणि सगळा दावा नामंजूर.

सर ते पत्र घेऊन कंधारहून एस.टी.नं आले. पत्राच्या घड्या इतक्या नीट, की ते किती वेळा उघडून वाचलं असेल ते कळत होतं.

"बेटा, यात आपलं काय चुकलं, ते जरा समजावून सांग," सर म्हणाले.

आपलं म्हणाले. तुझं नाही, आपलं. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणाले, "कंपनीवाले असंच करून राहिलेत सर आजकाल. बघते मी." काकू कशा आहेत विचारलं तर म्हणाले, उजवा पाय सरळ झाला, डावा वाकडाच आहे, त्यामुळे चालताना सगळा भार नव्या गुडघ्यावर येतो. मोठ्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की डावा फार लांबवला तर नव्या सांध्याचंही नुकसान होईल. सर गेल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला डॉक्टरांना फोन लावला. माझ्या डोक्यात सोपी युक्ती होती. "डॉक्टर, मागच्या तारखेचं एक बिल द्या. फी घेतली असं दाखवू, आपल्या बिलात घालू, तक्ता जोडू, नाव बदलायचा अर्ज करू. मिटून जाईल."

"ताई, जी फी घेतली न्हाई तिचं बिल कसं देऊ?"

"कागदापुरतं हो."

मग ते म्हणाले, "तुम्हाला माहीत न्हाई मी सरांची फी का घेत न्हाई ते. कागदापायीच घेत न्हाई."

आता खरं सांगते, ब्राह्मण गुरुजी आणि आपल्या समाजाचा हुशार पोरगा अशी गोष्ट सुरू झाली की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. गुरुजींनी डोक्यावर हात ठेवला आणि पोरगा डॉक्टर झाला, जसं काही पोरानं अभ्यास केलाच नव्हता आणि त्याच्या आईनं उन्हात पाट्या उचलल्याच नव्हत्या. मी आठ्या घालूनच ऐकत होते. पण ही गोष्ट तशी निघाली नाही.

डॉक्टर आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच वर्गात शिकले. आई धुरपताबाई मजुरीला जायची, धाकट्याला घरी ठेवायला कुणी नाही, म्हणून त्याचं वय भरलं नव्हतं तरी थोरल्यासोबत शाळेत अडकवलेला. दोघं पाचवीला हायस्कुलात आले. उद्धव सर तेव्हा वर्गशिक्षक. दोघांचे दाखले पुढं ठेवून रजिस्टरात उतरवताना सरांनी धाकट्याची जन्मतारीख थोरल्याला लिहिली आणि थोरल्याची धाकट्याला. सात वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरकीला नंबर लागला तेव्हा कळलं की कागदावर या मुलाला लागतात ती सतरा वर्षं पूर्ण नाहीत, प्रवेश मिळणार नाही.

"सर मला घेऊन नांदेडला मोठ्या हापिसात गेले," डॉक्टर सांगत होते. "तिथला साहेब भला होता. म्हणला, गुरुजी, आईनं चुकीची तारीख सांगितली असं लिहून द्या, अडाणी बाई हाय, कुणी काही विचारणार न्हाई, तुमच्यावर बालंट नको. सर म्हणले, तिनं दाखले बरोबर आणले होते. मी चुकीचं उतरवलं. अन् तसंच लिहिलं, खाली सही केली. वर्षभर पगारवाढ थांबली त्यांची. माझ्या आईला त्यांनी खोटी पाडली न्हाई, ताई. मी ऑपरेशनात उभा राहतो ना, ते त्या सहीवर उभा राहतो."

मी फोन ठेवला आणि तो फॉर्म कॉम्प्युटरवर पुन्हा उघडला. कॉम्प्युटरनं तिसरं नाव घेतलं नाही असं मी सहज लिहू शकले असते. ते खरंही होतं. पण तिसरं नाव घेत नाही हे मोठ्या डॉक्टरांना सांगायचं सोडून मी भलत्याच माणसाचं नाव दाबलं होतं, आणि ते दाबणारं बोट माझं होतं.

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: भूल डॉ. संघपाल यांनी दिली. त्यांनी फी घेतली नाही. फॉर्ममध्ये दुसऱ्या डॉक्टरांचं नाव मी, लुंबिनीनं, घातलं, ते चुकीचं आहे हे मला घालताना माहीत होतं. तक्ता मागायचा मी विसरले. पेशंटचा आणि त्यांच्या पतीचा यात काही दोष नाही.

मोठ्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला. "हे गेलं की कंपनी हॉस्पिटलचं नाव काळ्या यादीत टाकेल, कळतंय का तुला?"

"हाव, सर."

"अन् नाही पाठवलं तर?"

"तर काकू एका पायावर."

ते चिडलेलेच होते. पण शिक्का मारला, खाली स्वतःची सही केली, आणि म्हणाले, "त्या कॉम्प्युटरवाल्याला आजच्या आज बोलव." त्या सहीसाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण लगेच पगारवाढ मागतेय असं वाटेल.

कंधारला जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. रागावतील म्हणून मनाची तयारी केली होती. सरांनी माझा कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "असं लिहायला फार जड जातं, मला ठाऊक आहे." बस. काकूंनी आतूनच विचारलं, "लुंबिनी जेवून आली आहे का?" मला तिथं रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

कंपनीनं तो कागदही मानला नाही. म्हणाले, हे सगळं नंतर रचलेलं आहे. मग सरांनी विमा लोकपालांकडे तक्रार केली. तिथं वकील लागत नाही, फी लागत नाही, साधा अर्ज चालतो. सरांनी तो फळ्यावर लिहावा तशा अक्षरात लिहिला. सुनावणी व्हिडिओवर होती. माझ्याच टेबलाशी, माझ्याच कॉम्प्युटरपुढं सर, काकू आणि मी दाटीवाटीनं बसलो. पडद्यावर एका चौकोनात लोकपाल मॅडम, दुसऱ्यात कंपनीचा अधिकारी, तिसऱ्यात लातूरहून डॉ. संघपाल, हिरवी टोपी तशीच डोक्यावर.

कंपनीचा अधिकारी उद्धट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की हॉस्पिटलच्या बाई आधी एक नाव लिहितात, मग दुसरं सांगतात. डॉक्टरांचा तक्ता तीन महिन्यांनी उगवतो. फीचा कुठं पुरावा नाही. यावर विश्वास कसा ठेवायचा? त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि जास्त आवाज चढवून.

मॅडमनी तक्ता समोर धरला होता. त्यांनी काकूंना विचारलं, "ऑपरेशनच्या वेळी तुम्ही शुद्धीवर होतात?"

"हो तर. कमरेखाली लाकूड, वर टकटकीत जागी."

"भूल कुणी दिली?"

"संघपालनं. माझ्या डोक्याशीच बसून होता तो."

"त्या वेळी काय काय झालं, आठवतं?"

काकू सावरून बसल्या. "माझा चष्मा काढून घेतला होता, भिंतीवरचं घड्याळ दिसत नव्हतं. यांच्या शाळेच्या घंटेवर आयुष्य गेलं माझं, वेळ कळली नाही की जीव घाबरा होतो. म्हणून मी सारखं विचारत होते, किती वाजले रे. तो दरवेळी सांगायचा. साडेआठ वाजले म्हणाला तेव्हा मला थंडी भरली, दात वाजायला लागले. त्यानं पांघरूण घातलं, गरम हवेची नळी लावली."

मॅडमचं बोट तक्त्यावर एका ठिकाणी थांबलं. "पुढं?"

"मग थोड्या वेळानं एकदम मळमळलं, डोळ्यापुढं अंधारी आली. तो म्हणाला, काकू, प्रेशर उतरलं, आत्ता सुई देतो, घाबरू नका. किती वाजले विचारलं तर म्हणाला, पावणेनऊ, लिंबाच्या लोणच्याचा वास आठवा. लोणचं आठवल्यावर जरा बरं वाटलं. नंतर हातोड्याचे आवाज यायला लागले, ते नको वाटत होते. म्हणून त्यानं मला सतराचा पाढा म्हणायला लावला. सव्वानऊ झाले होते. एकशे एकोणीसला मी अडले."

मॅडमनी तक्ता कॅमेऱ्यापुढं धरला. साडेआठ, थंडी, पांघरूण. आठ पंचेचाळीस, रक्तदाब कमी, मळमळ, इंजेक्शन. नऊ पंधरा, रुग्ण अस्वस्थ, बोलण्यात गुंतवले. कंपनीचा अधिकारी पुढं वाकून वाचत होता. लातूरच्या चौकोनात डॉक्टरांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"हा तक्ता काकूंनी पाहिलेला नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "तो लातूरहून थेट तुमच्याकडे आला. मीसुद्धा पहिल्यांदाच बघून राहिले."

मग मॅडमनी अधिकाऱ्याला विचारलं, "तुमच्या कलमात फी कोणत्या मार्गानं द्यायची ते लिहिलं आहे. भूलतज्ज्ञानं फी घेतलीच पाहिजे, असं कुठं लिहिलंय? दाखवा मला."

त्यानं पानं उलटली. बरीच उलटली. "तसं नाही, मॅडम," तो म्हणाला, आणि प्रामाणिकपणे म्हणाला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दावा पूर्ण मंजूर. सोबत हॉस्पिटलच्या नावे एक ताकीद होती, फॉर्म काळजीपूर्वक भरण्याबद्दल. ती मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवली आहे. पुढं कंपनीच्या त्या अधिकाऱ्यानं स्वतः फोन करून काकूंची चौकशी केली. मी पहिल्यांदाच एका विमा कंपनीच्या माणसाला मनापासून धन्यवाद म्हणाले, आणि तो बिचारा इतका गडबडला की त्यानंही मलाच धन्यवाद म्हटलं.

डाव्या गुडघ्याची तारीख ठरली. डॉक्टर पुन्हा लातूरहून आले. आता फॉर्मवर त्यांचं नाव घालायची सोय झाली होती. मी नाव लिहिलं आणि फीच्या रकान्याशी थांबले.

"शून्यच लिहा, ताई. कायद्यानं चालतं, आता सिद्ध झालंय," डॉक्टर हसून म्हणाले.

"संघपाल, या वेळी फी घे," सर म्हणाले. "चूक माझी होती, ती मी निस्तरली. त्यात उपकार कसले? किती वर्षं फेडत बसणार तू?"

"फेडत न्हाई, सर. मला बरं वाटतं."

"तुला बरं वाटतं रे," चाकाच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या. "माझं काय?"

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"मागच्या खेपेला सुईचा अंमल उतरला आणि रात्री गुडघा असा ठणकला, असा ठणकला, की मला देव आठवले. नर्स म्हणाली, डॉ. संघपालांना फोन लावते, ते औषध वाढवतील. मी नको म्हटलं. लातूरहून माणूस आला, एक पैसा घेतला नाही, दिवसभर राबला, आता झोपेतून त्याला कुठं उठवायचं? उशीचं टोक तोंडात धरून पडून राहिले सकाळपर्यंत. यांनासुद्धा सांगितलं नाही." काकूंनी पदर सारखा केला. "पैसे मोजून आणलेल्या डॉक्टरला मी दहादा उठवलं असतं. मला दुखतंय म्हणायची चोरी झाली, संघपाल."

डॉक्टरांचं हसू कुठल्या कुठं गेलं. माणसाचं दुखणं थांबवायचं हेच ज्याचं काम, त्याला हे ऐकावं लागलं होतं. ते माझ्यासमोरच्या बाकावर बसले. मग डॉक्टरांनी हात पुढं केला.

"ताई, चिठ्ठी द्या."

मी दिली. त्यांनी फी लिहिली. पूर्ण लिहिली, एक रुपया कमी नाही. सही केली आणि म्हणाले, "काकू, आज मी लातूरला जात न्हाई. वरच्या खोलीत झोपतो. दुखलं की बोलवायचं."

"बोलवीनच," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर आले तर डॉक्टर जिन्यावर चहा पीत बसले होते, डोळे लालभडक. काकूंनी रात्रीतून तीनदा बोलावलं होतं. चौथ्यांदा ते न बोलावताच जाऊन आले, तेव्हा काकू झोपल्या होत्या.